एकाच किल्लीवर आलेली इकोस्पोर्ट : दुसरी किल्ली तयार करण्याच्या नोंदी

गाडी : फोर्ड इकोस्पोर्ट, 2015, डिझेल, ट्रेंड. बटण दाबून सुरू होणारी नव्हे, किल्ली फिरवून सुरू होणारी. किल्ली फ्लिपवाली, तीन बटणांची. मी मेकॅनिक नाही. सोल्डरिंग येतं आणि हट्टी आहे, एवढंच भांडवल. पुण्यात फोर्ड चालवणारे अजून बरेच आहेत आणि त्यांच्यातले निम्मे एका किल्लीवर आहेत असं माझ्या लक्षात आलंय, म्हणून हे लिहून ठेवतोय. जे चुकलं तेही तसंच ठेवलंय.

3 फेब्रुवारी 2024, शनिवार

गुहागर. मेव्हणा बर्म्युडाच्या खिशात किल्ली ठेवून समुद्रात उतरला. बाहेर आला तेव्हा खिसा उलटा आणि किल्ली गायब. "दाजी, इथंच असेल, पाणी कमरेएवढंच आहे," म्हणत तासभर वाळू चाळली. भरती सुरू झाल्यावर नाद सोडला. नशीब म्हणजे दुसरी किल्ली बायकोच्या पर्समध्ये होती, नाहीतर गाडी तिथंच राहिली असती.

परतताना कुंभार्ली घाटात डोक्यात एकच गोष्ट. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते. एकच दिली तर दुसरी कुठं गेली याचं उत्तर द्यावं लागतं. घरी आल्या आल्या पोलिसांच्या संकेतस्थळावर किल्ली हरवल्याची नोंद केली आणि पावती विम्याच्या फाइलला लावली. खर्च शून्य, वेळ वीस मिनिटं. बाकी काही करणार नसाल तरी एवढं करा.

5 फेब्रुवारी, सोमवार

चौकशी. अधिकृत सर्व्हिस सेंटर : किल्ली आणि प्रोग्रामिंग मिळून 9,800 रुपये, आगाऊ पैसे, किल्ली यायला "तीन आठवडे, कदाचित जास्त". गाडी दिवसभर ठेवावी लागेल. 2021 च्या सप्टेंबरमध्ये फोर्डने भारतात गाड्या बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. सर्व्हिस आणि सुटे भाग चालू आहेत, पण आमच्या भागातलं जवळचं सेंटर मधल्या काळात बंद झालं. आता जायचं म्हणजे शहराचं दुसरं टोक.

नाना पेठेतला एक किल्लीवाला : 4,500, दोन तासांत. त्याने फोनवरच आरसी आणि आधार घेऊन यायला सांगितलं. कागद न मागणाऱ्याकडे जाऊ नका. जो तुमच्याकडे कागद मागत नाही, तो तुमच्या गाडीची किल्ली दुसऱ्या कुणालाही करून देईल.

शहाणा माणूस इथं 4,500 देऊन मोकळा झाला असता. मी ऑनलाइन किल्ली 1,150 ला बघितली आणि तिथंच घसरलो.

6 फेब्रुवारी, मंगळवार

नवीन मागवण्याआधी शिल्लक किल्ली उघडून बघितली. ही रात्र वाया गेली नाही. पुढचं सगळं समजलं ते इथंच.

पातं बाहेर काढलं की कडेला एक खाच दिसते. त्यात चपटा स्क्रू ड्रायव्हर घालून पिळलं की किल्लीचे दोन भाग होतात. एका भागात बटणं, सर्किट आणि सीआर 2032 सेल. दुसऱ्या भागात पातं, त्याची स्प्रिंग आणि एका छोट्या झाकणाखाली काळा, पाचरीसारखा तुकडा. लांबी बोटाच्या पेरापेक्षा कमी. ती इमोबिलायझरची, म्हणजे ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेची चिप.

म्हणजे एका किल्लीत तीन वेगळ्या वस्तू राहतात आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पातं कुलूप फिरवतं. बटणांचं सर्किट 433 मेगाहर्ट्झवर दारं उघडतं, त्याला सेल लागतो. चिपला सेल लागतच नाही. इग्निशनच्या तोंडाभोवती तारेचं वेटोळं असतं, किल्ली आत गेली की त्यातूनच चिपला वीज मिळते आणि ती गाडीला उत्तर देते. उत्तर बरोबर असेल तर इंजिन सुरू. म्हणून रिमोटचा सेल संपला तरी गाडी सुरू होते, आणि चिप हरवली तर रिमोट चकाचक चालत असूनही गाडी हलत नाही.

झाकण उचकटताना चिप उडाली. काळ्या चिपेला काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या फरशीवर शोधायला पंचवीस मिनिटं. शेवटी बायकोला सोफ्याच्या पायाशी सापडली. ती म्हणाली, "एकच किल्ली उरलीय आणि तीच तू फोडत बसलायस." याला उत्तर नव्हतं. उघडायचीच असेल तर ताटात उघडा, काठ असलेल्या.

10 फेब्रुवारी, शनिवार

ऑनलाइन किल्ली आली. वर्णनात "फोर्डसाठी, चिपसह, 433" एवढंच होतं. मागवताना फसण्याच्या जागा तीन : नुसतं कव्हर, कव्हर आणि सर्किट, कव्हर-सर्किट-चिप. तिन्हींचे फोटो सारखेच असतात. कव्हर साडेतीनशेला मिळतं आणि लोक तेच किल्ली समजून घेतात. मी ती चूक केली नाही. त्याहून बारीक चूक केली. ती 17 आणि 18 तारखेच्या नोंदींत येईल.

संध्याकाळी चौकातल्या किल्लीवाल्याकडे पातं कापायला गेलो. पत्र्याची पेटी, शेजारी सायकलचं कुलूप टांगलेलं. त्याने पातं डोळ्यासमोर धरून फिरवलं आणि परत दिलं. "साहेब, हे माझ्या मशिनीचं काम नाही. ह्याची खाच कडेला नाही, अंगावर आहे." खरं होतं. घराच्या किल्लीचे दात कडेला असतात. या पात्याला (बाजारात एचयू 101 म्हणतात) चपट्या अंगावर नागमोडी खाच असते. त्याला उभी मिलिंगची मशीन लागते. मशीन नसताना प्रयत्न करून पातं खराब केलं नाही, याबद्दल त्याला चहा पाजला.

11 फेब्रुवारी, रविवार

दुसरीकडे मशीन होती. माझ्या जुन्या किल्लीवरून नक्कल, 600 रुपये, दहा मिनिटं. दुकानासमोरच दारात घालून बघितली, दार उघडलं. पैसे दिले. घरी आलो, इग्निशनमध्ये घातली, फिरेना. जोर लावला तर अर्ध्यात अडकली. बाहेर काढताना घाम फुटला, कारण आत तुटली असती तर गोष्ट भलतीकडे गेली असती.

कारण साधं आहे. माझी किल्ली नऊ वर्षं रोज घासलेली. नक्कल करणाऱ्या मशीनने ती झीजही इमानाने उतरवली, वर स्वतःची थोडी भर घातली. दाराचं कुलूप ढिलं असतं, ते चालवून घेतं. इग्निशन घेत नाही. कापलेलं पातं दारात चाललं म्हणून पैसे देऊ नका, इग्निशनमध्ये फिरवून बघा. कानस लावायचा मोह झाला होता. लावली नाही.

13 फेब्रुवारी, मंगळवार

गाडी घेतानाची फाइल काढली. डिलिव्हरीच्या पावतीला स्टेपल केलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत छोटा टॅग, त्यावर किल्लीचा नंबर. नऊ वर्षं मी ते काय आहे हे बघितलंही नव्हतं. या नंबरावरून पातं कापलं तर ते कारखान्यातून आल्यासारखं निघतं, झीज येत नाही. ज्याच्याकडे संगणकावर चालणारी कटिंग मशीन आहे त्यालाच हे जमतं.

नाना पेठेतल्या त्याच किल्लीवाल्याकडे मशीन होती (ज्याला 4,500 द्यायचं टाळलं, तोच). नवं कोरं पातं 150, कापणावळ 700. आरसी बघितली, नंबर घातला, कापलं, ब्रशने कण झाडले. इग्निशनमध्ये लोण्यासारखी फिरली. जुनी किल्लीसुद्धा इतकी मऊ फिरत नाही.

मी विचारलं नाही, पण तो आपणहून म्हणाला, "चिप चेक करून देऊ का? फुकट आहे." मी घाईत होतो, पार्किंग चुकीच्या जागी होतं. "नको, चिपसहच घेतलीय," म्हणालो. ही मला सगळ्यात महाग पडलेली दोन मिनिटं.

टॅगच्या नंबराचा फोटो कुठंही टाकू नका. तो नंबर ज्याच्या हातात, त्याच्या हातात तुमचं दार.

16 फेब्रुवारी, शुक्रवार

आता गाडीला नव्या चिपची ओळख करून द्यायची. फोर्डसाठी फोरस्कॅन नावाचं सॉफ्टवेअर आहे, विंडोजच्या लॅपटॉपवर चालतं. स्टिअरिंगखाली ओबीडी सॉकेट असतं, गाडीच्या आतली माहिती वाचायचं. त्यात ॲडाप्टर लावायचा, तो लॅपटॉपला जोडायचा.

तपकीर गल्लीतून 450 रुपयांचा निळा, ब्लूटूथवाला ईएलएम 327 ॲडाप्टर आणला. डबीवर "आवृत्ती 2.1" असं मिरवलेलं. आकडा मोठा म्हणजे नवीन, असं मला वाटलं. प्रकार उलटा आहे. 2.1 नावाने विकले जाणारे बहुतेक नकली ॲडाप्टर जुन्या 1.5 पेक्षा कमकुवत असतात, बऱ्याच आज्ञा त्यांना कळतच नाहीत. इंजिनचा वेग, तापमान वगैरे दाखवलं. आतलं काही वाचायला गेलं की जोडणी तुटायची. साडेतीन तास. ड्रायव्हर बदलले, पोर्ट बदलले, लॅपटॉप बदलला.

शेवटी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला फोन. त्याच्याकडे फिगो आहे आणि यूएसबीचा, दोन्ही कॅन लाइनींचा (गाडीतली यंत्रं ज्यांवरून एकमेकांशी बोलतात त्या तारांचा) ॲडाप्टर आहे. "उद्या ये घेऊन जा, मिसळ तुझ्याकडे लागू." तो निळा ॲडाप्टर ड्रॉवरमध्ये पडलाय. स्कूटरलाही लागत नाही.

17 फेब्रुवारी, शनिवार

या नोंदीसाठीच बाकी सगळं लिहिलंय.

सकाळी दहाला सुरुवात. यूएसबी ॲडाप्टर लावला, पहिल्या झटक्यात गाडीतले सगळे मॉड्यूल (छोटे संगणक) दिसले. इमोबिलायझरला फोर्ड पॅट्स म्हणतं. सर्व्हिस फंक्शनमध्ये पॅट्स प्रोग्रामिंग असा पर्याय आहे. तो दाबला. समोर सूचना : गाडीच्या आठवणीतल्या सगळ्या किल्ल्या पुसल्या जातील, पुन्हा भरताना कमीत कमी दोन किल्ल्या हाताशी असाव्यात. मी वाचली. माझ्याकडे दोन होत्या. पुढे.

सुरक्षेसाठी दहा मिनिटं थांबवून ठेवलं. मग पुसलं. मग जुनी किल्ली घालून इग्निशन ऑन, काही सेकंद, ऑफ. भरली. नवीन घातली, ऑन. थांबलो. ऑफ. किल्ल्यांची संख्या : 1.

पुन्हा. 1. किल्ली उलटी घातली, सुलटी घातली. 1. चिप नीट बसलीय का बघितलं, बसली होती. 1.

आता जुनी किल्ली फिरवली. ती तर भरलेली आहे, गाडी सुरू व्हायला हवी. झाली नाही. या गाडीला किमान दोन किल्ल्या माहीत असल्याशिवाय ती कुणाचीच ऐकत नाही. दोन आठवड्यांपूर्वी एक किल्ली होती आणि गाडी चालत होती. आता दोन आहेत आणि गाडी ठप्प.

बायको वरून गॅलरीतून विचारत होती, "झालं का?" मी "होतंय" म्हणालो. असं चार वेळा.

चार वाजता लॅपटॉपने सांगितलं की गाडीचा व्होल्टेज कमी आहे. मल्टिमीटर लावला : 11.6. सहा तास इग्निशन ऑन-ऑफ, डॅशबोर्ड, पंखा (उकडत होतं म्हणून मीच लावला होता). आता बॅटरीही उतरलेली. प्रोग्रामिंग करताना बॅटरीला चार्जर लावून ठेवा, निदान पंखा आणि दिवे बंद ठेवा. लिहिताना पुसताना व्होल्टेज पडला तर अर्धवट काम अडकून राहू शकतं.

18 फेब्रुवारी, रविवार

गाडी सोसायटीत अशा जागी उभी की समोरच्या काकांची गाडी निघत नाही. त्यांना सकाळी नऊला नातीच्या बारशाला चिंचवडला जायचं होतं. काका बेल वाजवून आले. "अहो, पाच मिनिटं मागे घेता का?" त्यांना सगळं सांगावं लागलं.

एक गोष्ट मात्र चांगली : पातं बरोबर कापलेलं असल्यामुळे इग्निशन फिरतं, स्टिअरिंग मोकळं होतं, गाडी न्यूट्रलला घालून ढकलता येते. वॉचमन, मी, काकांचा जावई आणि दुधाचा हिशेब घ्यायला आलेला मुलगा, चौघांनी ढकलून कंपाउंडच्या भिंतीशी लावली. काका जाताना म्हणाले, "किल्ली दुकानातच मिळते ना हो?"

दुपारी सहकाऱ्याशी बोललो. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "चिप 40 बिटची आहे की 80?" मी गप्प. बिट म्हणजे चिपमधल्या गुप्त कोडची लांबी. फोर्डच्या जुन्या गाड्यांत 4डी63 नावाची चिप 40 बिटची होती, नंतरच्या गाड्यांत त्याच नावाची 80 बिटची आली. बाहेरून बघून फरक कळत नाही. 80 बिट मागणारी गाडी 40 बिटवाल्या चिपला ओळखच देत नाही. विकणाऱ्याने "4डी63" लिहिलं असेल तरी ते अर्धंच सांगितलेलं असतं. माझ्या विक्रेत्याने तेवढंही लिहिलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.

रात्री बॅटरी काढून चार्जिंगला लावली. चार्जर कोपऱ्यावरच्या बॅटरीवाल्याचा, भाडं 100.

19 फेब्रुवारी, सोमवार

शिवजयंती. सुट्टी मला होती, किल्लीवाल्यालाही होती. पेठांत मिरवणुका. काही करता येण्यासारखं नव्हतं. कामाला जायचं नव्हतं म्हणून गाडी बंद असल्याचं घरात फार जाणवलं नाही, एवढाच दिलासा. दिवसभर टोचन लावून गाडी सर्व्हिस सेंटरला न्यायचे दर बघत बसलो. बघून बंद केलं.

20 फेब्रुवारी, मंगळवार

अर्धा दिवस रजा. दुचाकीवर दोन्ही किल्ल्या घेऊन नाना पेठ. किल्लीवाल्याने माझी ऑनलाइनची किल्ली त्याच्या छोट्या यंत्रात घातली. दोन सेकंदांत पडद्यावर आलं : 4डी, 40 बिट. मग माझी जुनी घातली : 80 बिट. तो काही बोलला नाही, नुसता पडदा माझ्याकडे वळवला. 13 तारखेला हेच फुकटात दाखवणार होता.

80 बिटची नवी चिप 400 रुपये. ही काचेची, बारीक नळीसारखी. कव्हरमधली खाच पाचरीच्या आकाराची असल्याने चिप आत खुळखुळत होती. त्याने दुहेरी चिकटपट्टीचा तुकडा लावून बसवली. "फेव्हिक्विक लावू नका, काच तडकते आणि परत काढायची झाली तर निघत नाही." जुनी 40 बिटची चिप मी खिशात टाकली, त्याने परत मागून घेतली आणि त्याच्या डबीत टाकली. "नाहीतर घरी जाऊन हीच परत बसवाल." चेष्टा होती, पण डबी त्याने बंद केली.

त्याला विचारलं, तुम्हीच गाडीवर येऊन करता का? म्हणाला 1,500 घेईन, संध्याकाळी येतो. इथं मी चार दिवसांत पहिल्यांदा शहाणपणाचा विचार केला आणि "रात्री नऊपर्यंत माझं जमलं नाही तर फोन करतो" असं ठरवलं.

संध्याकाळी साडेसहा. बॅटरी लावली, 12.6. चार्जर जोडलेलाच ठेवला. पंखा बंद, दिवे बंद, रेडिओ बंद, दार बंद. पॅट्स प्रोग्रामिंग. दहा मिनिटं थांब. ही दहा मिनिटं मी स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता बसलो होतो. पुसलं. जुनी किल्ली, ऑन, ऑफ. नवी किल्ली, ऑन, ऑफ.

किल्ल्यांची संख्या : 2.

नवी फिरवली, सुरू. बंद केली. जुनी फिरवली, सुरू. पुन्हा नवी. असं तीन-तीनदा. काका खाली फिरायला आले होते, त्यांनी लांबूनच हात वर केला. सात वाजून दहा मिनिटं. किल्लीवाल्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं, मला आज हडपसरला जायचं होतं."

पहिल्या वेळी मी करायला हवा होता तो क्रम असा : आधी दोन्ही चिपा यंत्रात तपासून एकाच जातीच्या असल्याची खात्री, मग पातं कापणं, मग बॅटरी, सगळ्यात शेवटी पुसणं. मी नेमका उलट्या क्रमाने गेलो. या गाडीत मला जो मार्ग दिसला तो पुसून पुन्हा भरण्याचाच होता, नुसती एक किल्ली वाढवण्याचा नव्हता. त्यामुळे पुसण्याचं बटण दाबण्याआधीच सगळं सिद्ध असायला हवं.

पुसण्याचा एक फायदाही झाला. समुद्रातली किल्ली उद्या कुणाला सापडली तरी तिच्या चिपने ही गाडी आता सुरू होणार नाही. तिचं पातं दार मात्र उघडतं. कुलपांचा पूर्ण सेट बदलायचा दर विचारला, ऐकून सोडून दिला. खारं पाणी काय करायचं ते करेल.

22 फेब्रुवारी, गुरुवार

रिमोट राहिला होता. नव्या किल्लीने गाडी सुरू होते, पण बटणांनी दार उघडत नाही. याला लॅपटॉप लागत नाही. पद्धत अशी : किल्ली शून्यापासून दुसऱ्या खुणेपर्यंत सहा सेकंदांत चार वेळा न्यायची, मग बंद करायची. टुण्ण आवाज येतो. त्यानंतर दहा सेकंदांत नव्या रिमोटचं कुठलंही बटण दाबायचं. पुन्हा आवाज आला की झालं.

सहा सेकंदांत चार वेळा, ऐकायला सोपं आहे. माझं सात वेळा चुकलं. मी दर वेळी पहिल्या खुणेपर्यंतच नेत होतो, जिथं रेडिओ लागतो. दुसरी खूण म्हणजे डॅशबोर्डचे सगळे दिवे लागतात ती जागा. बायको शेजारच्या सीटवर फोनमध्ये सेकंद मोजत होती. तिनेच पकडलं : "दिवे लागतच नाहीयेत, तू अर्ध्यातून परत येतोयस." आठव्या वेळी आवाज आला.

नवा रिमोट चालू. जुना बंद! त्याला गाडीने सोडून दिलं होतं. मग पुन्हा चार वेळा फिरवून, आवाज आल्यावर दहा सेकंदांच्या आतच आधी जुन्याचं, लगेच नव्याचं बटण दाबलं. दोन वेळा आवाज. दोन्ही चालू. जितके रिमोट असतील तितके एकाच बैठकीत दाबा, नाहीतर एक येतो आणि दुसरा जातो. पाऊण तास.

25 फेब्रुवारी, रविवार

हिशेब. ऑनलाइन किल्ली 1,150. पहिलं चुकीचं कटिंग 600. नवं पातं आणि नंबरावरून कटिंग 850. निळा ॲडाप्टर 450. चार्जरचं भाडं 100. 80 बिटची चिप 400. मिसळ दोन प्लेट आणि ताक 260. एकूण 3,810.

किल्लीवाल्याने पहिल्याच दिवशी 4,500 सांगितले होते. वाचवले 690. त्यासाठी अर्धा दिवस रजा, दोन शनिवार, तीन रविवार आणि बंद पडलेल्या गाडीचे चार दिवस. बायकोने हा हिशेब बघून नुसतं "ओके" म्हटलं, ते ओके मी इथं नोंदवून ठेवतो.

ज्यांना यातून पैसे वाचवायचेत त्यांनी 1,150 ची किल्ली घ्या, चिपचे बिट विक्रेत्याकडून लेखी विचारा, ती फुकट तपासून घ्या, नंबरावरून कापून घ्या, ॲडाप्टर उसना आणा. दोन हजारांत बसतं. वरचा प्रत्येक जास्तीचा रुपया माझ्या घाईचा आहे.

14 एप्रिल, रविवार

दीड महिन्यानंतरची भर. नव्या किल्लीचं पातं हलायला लागलं होतं, उघडल्यावर मान डुलवायचं. नकली कव्हरमध्ये पातं धरून ठेवणारी पिन बारीक असते आणि ती अर्धी बाहेर आली होती. जुन्या घड्याळाच्या पट्ट्याची पिन कापून बसवली, पहिली वाकडी कापली गेली, दुसरी बरोबर बसली. चिकटपट्टीवरची काचेची चिप जागेवरच होती. हलवून कानाला लावली, आवाज येत नाही.

डिकीचं बटण दोनदा दाबावं लागतं. आतला मायक्रोस्विच बदलायचाय, तीस रुपयांचा आहे, तपकीर गल्लीत मिळतो. या वेळी किल्ली ताटात उघडेन. जुनी किल्ली साताऱ्याला सासूबाईंकडे, देवघरातल्या डब्यात ठेवलीय. मेव्हण्याला सांगितलेलं नाही.